दोन सारख्या ओळी : डेबियन आणि ओपनएसएसएलचं प्रकरण (२००६–२००८)

मुक्त सॉफ्टवेअरमधल्या व्यावसायिक वागणुकीचा विषय निघाला की बोलणं हटकून भांडणांकडे वळतं. बग नोंदवणाऱ्याला मिळालेलं उर्मट उत्तर, पहिलाच पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवणाऱ्या नवख्याचा चारचौघांत झालेला पाणउतारा, वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या तक्रारी. हे सगळं खरं आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण नव्या सहकाऱ्यांना बग कसा हाताळायचा हे शिकवताना मी वेगळं प्रकरण घेतो. त्यात सुरुवातीला सगळेजण नीट वागले होते. तक्रार करणाऱ्याने रीतसर तक्रार नोंदवली. मेंटेनरने, म्हणजे सॉफ्टवेअरचा तो भाग सांभाळणाऱ्याने, ती मनावर घेतली. स्वतःला खात्री नाही हे ओळखून त्याने जाणकारांना विचारलं. जाणकारांकडून सभ्य उत्तर आलं. आणि तरीही पुढचे वीस महिने जगभरच्या असंख्य सर्व्हरवर अशा गुप्त डिजिटल किल्ल्या तयार होत राहिल्या, ज्या कुणालाही घरबसल्या ओळखता आल्या असत्या.

या प्रकरणातल्या माणसांची नावं सार्वजनिक नोंदींमध्ये आहेत. मी ती देत नाही. नाव आलं की वाचणारा सगळी चूक त्या एका माणसाच्या खात्यावर मांडून मोकळा होतो, आणि शिकायचं तेच राहून जातं.

पार्श्वभूमी

डेबियन हे लिनक्सचं स्वयंसेवकांनी चालवलेलं वितरण. त्यातली हजारो पॅकेजं डेबियनने लिहिलेली नसतात. मूळ प्रकल्प कोड लिहितो, डेबियनचा मेंटेनर तो घेतो, डेबियनच्या नियमांत बसवतो, लागेल तिथे डागडुजी करतो आणि पॅकेज करून पुढे देतो. मूळ प्रकल्पाला आपल्या बोलीत अपस्ट्रीम म्हणतात. उबुंटूसारखी वितरणं डेबियनवर उभी असल्यामुळे डेबियनमध्ये झालेली डागडुजी तिथेही वाहत जाते.

या प्रकरणातलं अपस्ट्रीम म्हणजे ओपनएसएसएल. ब्राउझरच्या पट्टीत दिसणारं कुलूप, एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करणं, व्हीपीएन, मेलची वाहतूक, या सगळ्याच्या तळाशी हीच लायब्ररी असायची. ती सांभाळणारी मंडळी मात्र बोटांवर मोजण्याइतकी. पुढे २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा बग गाजला तेव्हा इतक्या मोठ्या पायाखाली पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस आहे हे बाहेर आलं आणि लोक चरकले. २००६ साली त्याचा कुणी विचारही करत नव्हतं.

आता थोडं तांत्रिक, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. गुप्त किल्ली बनवायची तर असे आकडे लागतात ज्यांचा अंदाज दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. त्यासाठी ओपनएसएसएल आत एक साठा ठेवतं. ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळालेली बेभरवशाची माहिती या साठ्यात ओतली जाते, ढवळली जाते, आणि लागतील तसे त्यातून आकडे काढले जातात. रांजण डोळ्यासमोर आणा. एका तोटीतून पाणी आत येतं, भांडं बुडवून बाहेर काढलं जातं. ओतणारं फंक्शन वेगळं, काढणारं वेगळं.

काढणाऱ्या फंक्शनमध्ये एक जुनी खोड होती. ज्या भांड्यात आकडे भरून द्यायचे, त्या भांड्यात आधीपासून जे काही पडलेलं असेल तेही रांजणात विसळून घेतलं जायचं. म्हणजे मेमरीचा तो तुकडा कुणी भरलेला नसायचा, आधीच्या कामाचा कचरा त्यात असायचा. त्याने रँडमपणा थोडा वाढला तर वाढला, बिघडणार काही नाही, असा हिशोब. सी भाषा लिहिणाऱ्याला मात्र न भरलेली मेमरी वाचणं म्हटलं की अंगावर काटा येतो.

अडचण

व्हॅलग्राइंड हे नेमकं असं वाचन पकडणारं साधन. आपला प्रोग्राम त्याच्याखाली चालवला की न भरलेल्या मेमरीवर कुठे निर्णय अवलंबून आहे ते ते दाखवतं. ओपनएसएसएलने तो कचरा रांजणात मिसळला की रांजणातून निघालेला प्रत्येक थेंब व्हॅलग्राइंडच्या लेखी बाटलेला. त्या थेंबांवर चालणारी प्रोग्राममधली पुढची प्रत्येक तुलना, प्रत्येक निर्णय इशारा देणार. परिणाम असा की ओपनएसएसएल वापरणारा कुठलाही प्रोग्राम तपासायला बसलं की इशाऱ्यांचा पूर, आणि त्यात आपला स्वतःचा खरा बग बुडून जाणार.

एप्रिल २००६ मध्ये डेबियनच्या बग नोंदवहीत हीच तक्रार आली. नोंद क्रमांक ३६३५१६. तक्रार रास्त होती. असं काम ज्याने केलंय त्याला त्यामागचा वैताग कळेल. सुरक्षिततेचा बग म्हणून ती आली नव्हती, कामात अडथळा म्हणून आली होती. त्यामुळे तिला उत्तर देणाऱ्याच्या डोक्यातही सुरक्षितता हा दुसऱ्या नंबरचा विषय राहिला असणार, असं मला वाटतं.

समोर असलेले पर्याय

मेंटेनरला रँडम आकड्यांच्या फाइलमध्ये इशाऱ्यांचं मूळ दोन ठिकाणी सापडलं, ओळ २४७ आणि ओळ ४६७. दोन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर तीच ओळ. एकाच नावाचं फंक्शन, तेच तीन घटक, अर्धविरामही तोच.

पण २४७ ही ओळ ओतणाऱ्या फंक्शनमध्ये होती आणि ४६७ ही काढणाऱ्या. ४६७ म्हणजे भांडं विसळणं. ते बंद केलं तर कुणाचंही काही अडत नाही. तिच्याभोवती मूळ लेखकांनी कंपाइल करताना बंद करता येईल असा आडोसाही केला होता, आणि प्युरिफाय नावाचं तसंच एक तपासणी-साधन इथे कुरकुरतं अशी टीप शेजारी लिहिली होती. २४७ म्हणजे तोटी. तिच्याजवळ एका शब्दाचीही टीप नव्हती.

पर्याय निदान चार होते. पहिला, काहीच करायचं नाही: हे जाणूनबुजून केलेलं आहे असं लिहून नोंद बंद करायची आणि व्हॅलग्राइंडला हे इशारे गाळायची यादी द्यायची. त्या साधनात तशी सोय आहेच. दुसरा, अपस्ट्रीमने आधीच ठेवलेला तो आडोसा वापरून तपासणीपुरतं वेगळं पॅकेज बांधायचं. तिसरा, तोटीतून न भरलेली मेमरी नेमकी कोण ओततंय ते शोधायचं आणि त्या फंक्शनला हाक मारणाऱ्या, म्हणजे ते वापरणाऱ्या, कोडमध्ये दुरुस्ती करायची. चौथा, दोन्ही ओळी बंद करून टाकायच्या.

तिसरा सगळ्यात कष्टाचा आणि खरा. चौथा सगळ्यात सोपा, कारण त्याने इशारे एका फटक्यात थांबतात. इशारा थांबला म्हणजे बग गेला असं वाटायला लावणारी साधनं आपण रोज वापरतो, आणि हा मोह मला स्वतःला कितीदा तरी झालेला आहे. लिंटरची, म्हणजे कोडमधल्या खोडी दाखवणाऱ्या साधनाची, लाल रेघ जाईपर्यंत कोड हलवायचा आणि ती गेली की पुढे. रेघ का उमटली याचं उत्तर मिळालेलं नसतं.

विचारणा आणि उत्तर

१ मे २००६ रोजी मेंटेनरने ओपनएसएसएलच्या विकासाच्या चर्चेसाठी असलेल्या मेलिंग लिस्टवर पत्र टाकलं. त्या पत्राला मी नावं ठेवत नाही. त्यात दोन्ही ओळी क्रमांकासह दिल्या होत्या. आपल्याला त्या बंद करणं बरं वाटतं, पण रँडम आकड्यांवर त्याचा काय परिणाम होईल याची कल्पना नाही, असं सरळ लिहिलं होतं. साठ्यात थोडी कमी अनिश्चितता जाईल एवढाच तोटा दिसतो, आणि न भरलेल्या मेमरीत ती मुळात असते तरी किती, असंही विचारलं होतं. आपलं अज्ञान इतकं उघड मांडणारी पत्रं मी फार कमी पाहिली आहेत.

ओपनएसएसएलच्या चमूतल्या एकाचं उत्तर आलं. त्याचा आशय असा: फारशी नसते, डीबगिंगला (बग शोधायला) मदत होणार असेल तर ओळी काढाव्यात अशाच मताचा मी आहे.

इथे थांबून दोघांच्या डोक्यात काय चाललं असेल ते पाहू. विचारणारा म्हणतोय, या दोन ओळी काढू का? उत्तर देणाऱ्याने पत्रातलं ‘न भरलेली मेमरी’ आणि ‘डीबगिंग’ हे वाचलं. दोन्ही ओळी दिसायला सारख्या, त्यातल्या एकीवर प्युरिफायची टीप, आणि विषय त्याला वर्षानुवर्षं माहीत असलेल्या भांडं विसळण्याचा. तो त्या खोडीबद्दल बोलत होता, आणि तिच्याबद्दल त्याचं म्हणणं चूक नव्हतं. शिवाय हा बदल एखाद्याच्या टेबलावरच्या तपासणीपुरता नाही, एका मोठ्या वितरणाच्या रोजच्या पॅकेजमधून सगळीकडे जाणार आहे, हे पत्रातून स्पष्ट होत नव्हतं. पत्रात प्रत्यक्ष पॅचही जोडलेला नव्हता. पॅच असता तर त्यात बदललेल्या ओळीच्या आसपासच्या ओळी आल्या असत्या, फंक्शनचं नाव आलं असतं, आणि पाहणाऱ्याला कदाचित ठेच लागली असती की अरे, ही तर तोटी.

माझ्या लेखी हा या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण. विचारणा झाली, पण ज्या गोष्टीबद्दल झाली ती आणि जी प्रत्यक्ष केली ती, या दोन एकच आहेत का हे कुणी ताडून पाहिलं नाही. विचारणाऱ्याला वाटलं परवानगी मिळाली. उत्तर देणाऱ्याला वाटलं आपण मत दिलं.

काय केलं गेलं

दोन्ही ओळी बंद झाल्या. हा बदल असलेली आवृत्ती ०.९.८सी-१ डेबियनच्या अस्थिर (विकास चालू असलेल्या) शाखेत १७ सप्टेंबर २००६ रोजी आली. एप्रिल २००७ मध्ये ‘एच’ (Etch) ही डेबियनची स्थिर आवृत्ती निघाली तेव्हा हा बदल त्यात होता. उबुंटूच्या ७.०४, ७.१० आणि ८.०४ या आवृत्त्यांतही तो गेला.

तयार झालेला पॅच अपस्ट्रीमकडे परत गेला नाही. हा दुसरा निर्णयाचा क्षण, आणि तो कुणाला निर्णय वाटलाच नाही. मुळात विचारून झालंय, मग आणखी काय पाठवायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण ओपनएसएसएलच्या मूळ कोडमध्ये जर हा बदल गेला असता तर तो तिथल्या आणखी दोन-चार जणांच्या नजरेखालून गेला असता. ‘काढाव्यात’ असं म्हणणाऱ्यानेही त्या ओळी स्वतः मूळ कोडमधून काढल्या नाहीत. काढायला बसला असता तर त्याला कळलं असतं.

त्या काळातल्या पॅकेजच्या रचनेचाही यात वाटा आहे. डेबियनच्या जुन्या स्रोत-पद्धतीत मूळ कोडवर केलेले सगळे बदल एकाच मोठ्या फरक-फाइलमध्ये यायचे. पॅकेज बांधायच्या फाइली, कागदपत्रं, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या आणि त्यांच्या गर्दीत गुप्त किल्ल्यांच्या मुळाशी केलेला हा बदल. बाहेरच्या कुणाला हा एक बदल सुटा काढून पाहायचा तर मुद्दाम खणावं लागे. सगळं उघड्यावर होतं, पण डोळ्यांत भरेल असं नव्हतं. पुष्कळ डोळे असले की बग उथळ होतात हे मुक्त सॉफ्टवेअरचं आवडतं वचन आहे. ते डोळे इथे वळावेत अशी कुठलीही खूण तिथे नव्हती.

काय बिघडलं

तोटी बंद झाल्यावर रांजणात वेगळेपण आणणारी एकच गोष्ट उरली, प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिम देते तो आकडा. लिनक्सवर तो तेव्हा साधारणपणे ३२,७६८ च्या आत असायचा. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या, एका जातीच्या जास्तीत जास्त ३२,७६८ किल्ल्या शक्य. विश्वातल्या अणूंशी ज्या संख्यांची तुलना करतात, तिथे एका मध्यम गावाच्या लोकसंख्येएवढा आकडा आला.

हे चाचण्यांत का दिसलं नाही, असं मला दरवेळी विचारतात. एका प्रोसेसमधून निघालेले आकडे तपासले तर ते उत्तम रँडम दिसत होते, कारण ढवळण्याची क्रिया शाबूत होती. संख्याशास्त्राच्या कसोट्या ते आरामात पार करणार. दोष एका किल्लीत दिसत नव्हता, तो दोन किल्ल्यांच्या मध्ये होता. एकाच प्रकारच्या यंत्रांवर जागोजागी तयार झालेल्या सव्वादोनशे किल्ल्या कुणी शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, तर त्यांत दोन हुबेहूब सारख्या निघण्याची शक्यता निम्म्याच्या वर गेली असती. पण आपली किल्ली दुसऱ्याच्या किल्लीशी जुळते का हे कोण पाहतो?

शेवटी हे अर्जेंटिनातल्या एका डेबियन विकासकाच्या लक्षात आलं.

जाहीर करणं आणि निस्तरणं

१३ मे २००८ रोजी डेबियनने सुरक्षा सूचना क्रमांक १५७१ काढली. सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत हा दोष सीव्हीई-२००८-०१६६ म्हणून आहे. या टप्प्यावर डेबियन ज्या पद्धतीने वागलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सूचनेत पहिल्याच झटक्याला सांगितलं होतं की हा दोष डेबियनने स्वतः केलेल्या बदलामुळे आहे, मूळ ओपनएसएसएलमध्ये तो नाही. कुठली आवृत्ती, कुठल्या तारखेपासून, हे सांगितलं होतं. आणि नवीन पॅकेज बसवून भागणार नाही, जुनी प्रत्येक किल्ली फेकून नवी बनवावी लागेल, ही कडू गोष्ट न लपवता सांगितली होती. डेबियनच्या सामाजिक करारात अडचणी लपवणार नाही असं वचन आहे. ते वचन पाळणं सगळ्यात महाग पडणार होतं त्या दिवशी त्यांनी ते पाळलं. त्यांनी स्वतःच्या प्रकल्पाच्या यंत्रांवरचं किल्लीने लॉगिन करणंही बंद केलं.

त्यातली एक बाब पुष्कळांच्या ध्यानातच आली नाही. डीएसए (डिजिटल सही करायची एक पद्धत) जातीची किल्ली दुसरीकडे, चांगल्या यंत्रावर बनवलेली असली, पण या दोषी यंत्रावरून तिने एकदा जरी सही केली असेल, तरी ती गेली. कारण त्या सहीत प्रत्येक वेळी एक नवा गुप्त आकडा लागतो, आणि तो ओळखता आला की मूळ किल्ली गणिताने काढता येते. म्हणजे आपली किल्ली डेबियनवर बनवलेली नाही म्हणून निर्धास्त असलेल्यानेही आपण कुठून कुठे लॉगिन केलं होतं हे आठवायला बसायचं.

सूचनेपाठोपाठ साधनं आली. दोषी किल्ल्यांच्या ठशांची काळी यादी पॅकेज म्हणून निघाली, एसएसएच सर्व्हर त्या यादीतली किल्ली नाकारू लागला, आणि एसएसएच-व्हल्नकी नावाचा छोटा प्रोग्राम आला. तो आठवडा मला आजही आठवतो. एकेका सर्व्हरवर जायचं, प्रत्येकाच्या घरातली अधिकृत किल्ल्यांची फाइल तपासायची. बहुतेक ओळींपुढे ‘नॉट ब्लॅकलिस्टेड’ यायचं आणि मध्येच मोठ्या अक्षरांत ‘कॉम्प्रोमाइज्ड’. ज्याची किल्ली त्याला फोन. काहीजण म्हणायचे, अरे मी तर पासवर्डपेक्षा सुरक्षित म्हणून किल्ली वापरत होतो. त्यांना काय सांगणार? त्यांचं बरोबरच होतं.

दुसरीकडे दार ठोठावणारेही तयार होत होते. एका सुरक्षा संशोधकाने ३१ झिऑन प्रोसेसर-कोअर लावून सर्वसामान्य पीसीवरच्या, नेहमीच्या लांबीच्या सगळ्या शक्य किल्ल्या दोनेक तासांत तयार केल्या आणि जाहीर केल्या.

वाद

जाहीर झाल्यावर जे बोललं गेलं तो या प्रकरणाचा सर्वात क्लेशदायक भाग. ओपनएसएसएलशी संबंधित एका ज्येष्ठ विकासकाने जाहीरपणे कठोर शब्दांत सुनावलं की वितरणांनी न समजणाऱ्या कोडला हात लावू नये आणि लावलाच तर बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवावा. दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण मग लोकांनी २००६ चं ते पत्र काढून दाखवलं: विचारलं होतं, आणि तुमच्याच माणसाने उत्तर दिलं होतं. त्यावर म्हणणं आलं की ती लिस्ट चमूला गाठायची जागाच नव्हे, चमूचा पत्ता वेगळा आहे. आणि ओपनएसएसएलच्या स्वतःच्या माहितीत ती लिस्ट लायब्ररीच्या विकासाच्या चर्चेसाठी आहे असंच लिहिलेलं होतं. दारावर एक पाटी आणि बसायची खोली दुसरीकडे, असा प्रकार.

इकडे मेंटेनरवर अनोळखी लोकांनी तोंडसुख घेतलं. पगार न घेता, फावल्या वेळात हे किचकट पॅकेज सांभाळणारा तो माणूस. तो काम टाकून पळाला नाही, पुढेही डेबियनमध्ये काम करत राहिला. ज्या समाजात चूक केलेला माणूस उजळ माथ्याने राहू शकतो तिथेच पुढची चूक लवकर कळते. नाहीतर लोक चुका झाकायला शिकतात.

फलित

कोडमधून पुसला की संपला, असा हा बग नव्हता. कोड दुरुस्त व्हायला एक दिवस पुरला, किल्ल्या बदलायला वर्षं गेली. २०१५ मध्ये एका संशोधकाने गिटहबवरच्या लोकांच्या सार्वजनिक एसएसएच किल्ल्या गोळा करून तपासल्या, तर त्यांत २००८ च्या या दोषी किल्ल्या अजून चालू होत्या. गिटहबने त्या रद्द केल्या. आणि २०२४ मध्ये, सोळा वर्षांनी, ईमेलवर सही करायच्या डीकेआयएम किल्ल्यांमध्येही त्या शेकड्यांनी सापडल्या.

कामाच्या पद्धतीतही बदल झाले. ते सगळे याच एका घटनेमुळे झाले असं म्हणणं बरोबर होणार नाही, पण दिशा तीच होती. डेबियनमध्ये नवी स्रोत-पद्धत रुजली, तिच्यात प्रत्येक बदल सुटा पॅच म्हणून राहतो. २००९ मध्ये पॅचच्या माथ्यावर काय लिहावं याचा मसुदा आला, डीईपी-३. त्यात हा बदल अपस्ट्रीमकडे पाठवला का, पाठवला तर कुठे, नसेल तर का नाही, हे सांगायची वेगळी जागा आहे. २००६ मध्ये ती एक रिकामी जागा समोर असती तर मेंटेनरला तिथे काहीतरी भरावं लागलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

मला सर्वात जास्त खुपतं ते विचारणेतलं एक रिकामं स्थान. ‘ही ओळ काढू का’ असं विचारलं गेलं. ‘ही ओळ इथे कशासाठी आहे’ असं विचारलं गेलं नाही. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटता येतं. दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर समोरच्याला फाइल उघडावीच लागते. मी हल्ली कुणाचा कोड काढायच्या आधी, ओळ किती का फुटकळ असेना, आधी दुसराच प्रश्न विचारतो. दोन ओळी असतील तर दोनदा विचारतो.

उत्तर देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मेलिंग लिस्टवर रोज शंभर प्रश्न येतात आणि तो कुणाचा नोकर नसतो. त्याच्याकडून तपासणीची अपेक्षा करणं जड आहे. पण ‘हे माझं मत आहे, मी पॅच पाहिलेला नाही, पाठवला तर पाहीन’ एवढं एक वाक्य त्याला जोडता आलं असतं. त्या एका वाक्याने जबाबदारी कुणाकडे आहे ते स्पष्ट होतं. बग हाताळताना गोड बोलण्याइतकंच हे स्पष्ट बोलणं सभ्यपणाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

प्रकल्पाच्या बाजूने दोन गोष्टी. गंभीर प्रश्न कुठे विचारायचा त्याचा पत्ता दारावरच हवा होता, आणि त्या पत्त्यावर माणूस बसलेला हवा होता. दुसरी गोष्ट त्याहून लहान. ज्या ओळीवर सगळ्या किल्ल्यांची मदार होती तिच्याजवळ टीप नव्हती, आणि जी काढली तरी चालली असती तिच्याजवळ होती.

ती टीप पुढे आली. प्रकरणानंतर ओपनएसएसएलने त्याच फाइलमध्ये, तोटीच्या त्या ओळीच्या अगदी वर, सगळी अक्षरं मोठी करून लिहिलं की खालची हाक काढू नका. आणि ओळीच्या खाली पुढे लिहिलं की प्युरिफाय आणि व्हॅलग्राइंड इथे कुरकुर करतील हे आम्हाला माहीत आहे, दोष या ओळीत नाही, हाक मारणाऱ्यात आहे, आणि ही काढलीत तर अतिशय असुरक्षित किल्ल्या पदरी येतील.